अमेरिकेच्या यादवीचा अभ्याससंच: नकाशांसाठी घ्या, दुसरी पुस्तिका पेन्सिल हातात धरून वाचा

एम.ए.ला अमेरिकेचा इतिहास घेतलेले आणि यूपीएससीला इतिहास वैकल्पिक ठेवून मराठीतून उत्तरं लिहिणारे विद्यार्थी कोकणात थोडेच. तेही दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत असे विखुरलेले, की एका वर्गात कधी जमायचे नाहीत. त्यांच्यासाठी रत्नागिरीतल्या एका अभ्यासिकेने टपालाने घरपोच येणारा संच काढला आहे. विषय: अमेरिकेचा विस्तार, गुलामगिरीवरून पेटलेला संघर्ष आणि यादवी युद्ध, १८०३ ते १८७७. किंमत १,४५० रुपये, टपालखर्च निराळा. खोक्यात तीन पुस्तिका, नऊ नकाशांचं पाकीट, भिंतीवर लावायचा कालपट, मूळ कागदपत्रांच्या मराठी उताऱ्यांची सोळा पानं, एक प्रश्नसंच आणि व्याख्यानांचा पेनड्राइव्ह.

निकाल आधीच सांगतो. नकाशांचं पाकीट उत्तम आहे. पहिली पुस्तिका चांगली. दुसरीत ढोबळ चुका आहेत, आणि परीक्षेच्या तोंडावर नेमकी तीच सगळ्यांच्या हातात असते. तिसरी उरकून टाकलेली.

या कालखंडावरचं कुठलंही साहित्य हातात आलं की आम्ही एकच गोष्ट बघतो. जमीन, गुलामगिरी आणि युद्ध ही तीन वेगळी प्रकरणं करून ठेवली आहेत, की एकातून दुसरं निघताना दिसतं? १८६० च्या निवडणुकीत लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाची भूमिका दक्षिणेतली आहे ती गुलामगिरी मोडून काढू, अशी नव्हती. नव्या मुलखात ती शिरू देणार नाही, एवढीच होती. मार्च १८६१ मध्ये शपथ घेतानाही लिंकनने जिथे गुलामगिरी आहे तिथे हात घालणार नाही, असंच सांगितलं. तरीही तोवर दक्षिणेतली सात राज्यं संघराज्यातून फुटून निघाली होती. नवीन जमिनीला एवढं महत्त्व का, हे ज्याला उमगलं नाही त्याला हे युद्ध का झालं तेही उमगत नाही. मग तो लढायांच्या तारखा पाठ करत बसतो.

संचातले नकाशे हा धागा पकडतात, आणि पैसे वसूल होतात ते इथेच. नऊही नकाशे एकाच मापाचे, एकाच प्रमाणावर छापलेले आहेत आणि चारही कोपऱ्यांत जुळवणीच्या खुणा आहेत. म्हणजे एकावर एक ठेवून बघता येतात. पहिला नकाशा १८०३ च्या लुईझियाना खरेदीचा. नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरना घेतलेला सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैलांचा मुलूख, एकराला तीन सेंटही पडले नाहीत. देशाचं क्षेत्रफळ एका सहीत जवळपास दुप्पट झालं. नकाशाखालच्या चार ओळींत हैतीचा उल्लेख आहे, हे विशेष. हैतीतल्या गुलामांचं बंड फ्रान्सला मोडता आलं नाही, म्हणून नेपोलियनला अमेरिका खंडातल्या मुलखात रस उरला नाही. गुलामांच्या बंडामुळे हाती आलेल्या या जमिनीचा दक्षिणेकडचा भाग पुढे गुलामांच्याच कापसाखाली गेला.

दुसरा नकाशा १८२० च्या मिसुरी तडजोडीचा. यावर थोडं थांबू, कारण बहुतेक मुलं इथेच चुकतात. ३६ अंश ३० मिनिटांची रेघ पट्टी लावून अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत ओढून मोकळी होतात. तशी रेघ तडजोडीत नव्हतीच. ती फक्त लुईझियाना खरेदीतल्या उरलेल्या मुलखापुरती होती. मिसुरीच्या पश्चिम सीमेपासून निघायची आणि १०० अंश पश्चिम रेखांशाशी थांबायची, कारण त्यापुढे १८१९ च्या तहाप्रमाणे स्पेनची हद्द लागत होती. दुसरी गंमत अशी की मिसुरी राज्य जवळजवळ सगळंच्या सगळं या रेघेच्या उत्तरेला आहे, तरी गुलामांचं राज्य म्हणून आत आलं. तीच तर तडजोड. बदल्यात मेन हे गुलामांविना राज्य आलं आणि सिनेटमध्ये १२ राज्यं विरुद्ध १२ राज्यं असा तोल राहिला. नकाशात ही रेघ बरोबर दोनच टोकांमध्ये दाखवली आहे. मराठी साहित्यात ती अशी अचूक फारशी सापडत नाही.

या रेघेचा ठसा आजच्या नकाशातही आहे, तो संचाने दाखवला असता तर बहार आली असती. ओक्लाहोमा राज्याला पश्चिमेकडे एक निमुळती पट्टी चिकटलेली दिसते. टेक्सासला गुलाम ठेवायचे होते, म्हणून १८५० मध्ये त्याने ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेचा आपला हक्क सोडला. १८५४ मध्ये कॅन्ससची दक्षिण सीमा ३७ अंशांवर ठरली. मधली अर्ध्या अंशाची, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर रुंदीची पट्टी कितीतरी वर्षं कुणाचीच नव्हती. दुसरा आणि सहावा नकाशा एकावर एक ठेवून दुसऱ्यातली रेघ १०० अंशांपुढे पेन्सिलने लांबवली की ही फट उघडी पडते. विद्यार्थ्याने ती स्वतः शोधावी.

चौथ्या नकाशात मात्र चूक आहे आणि ती किरकोळ नाही. १८४५ च्या टेक्सासची दक्षिण सीमा सरळ रिओ ग्रांदे नदीपर्यंत, ठाम रेघेने काढली आहे. तेव्हा मेक्सिकोचं म्हणणं सीमा न्युएसेस नदीवर आहे असं होतं, आणि या दोन नद्यांमधला पट्टा वादात होता. राष्ट्राध्यक्ष पोक यांनी त्याच पट्ट्यात सैन्य पाठवलं, तिथे एप्रिल १८४६ मध्ये चकमक झाली आणि युद्ध जाहीर झालं. नकाशात पट्टाच नसेल तर युद्धाचं निमित्त कुठून सापडणार? न्युएसेसची रेघ पेन्सिलने काढून मधल्या भागाला तिरक्या रेघा द्या.

पाचवा नकाशा १८४८ च्या तहानंतरचा. दीड कोटी डॉलर देऊन मेक्सिकोकडून घेतलेला सव्वापाच लाख चौरस मैलांचा मुलूख. यावर जुनी रेघ नुसती कल्पनेने लांबवून पाहिली तर ती कॅलिफोर्नियाच्या मधून जाते. म्हणजे मिसुरीची तोड इथे लागू करायची तर राज्यच दुभंगावं लागलं असतं. त्यात जानेवारी १८४८ मध्ये तिथे सोनं सापडलं, माणसांची रीघ लागली आणि १८५० मध्ये कॅलिफोर्निया अखंड, गुलामांविना आत आलं. सिनेटचा तोल १६ विरुद्ध १५ असा कलला तो कायमचाच. सहाव्या नकाशात १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा आहे. दोन्ही प्रदेश जुन्या रेघेच्या उत्तरेला, म्हणजे तिथे गुलामगिरी बंद असं चौतीस वर्षं ठरलेलं. सिनेटर डग्लसने ते उठवून तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मतावर सोडलं. मग दोन्ही बाजूंची माणसं मतं वाढवायला कॅन्ससमध्ये घुसली आणि रक्तपात झाला. रिपब्लिकन पक्ष जन्मला तो याच वर्षी, याच कायद्याच्या विरोधातून.

वापरायची रीत अशी. नकाशांवर थेट रंगवू नका. कागद चकचकीत असल्यामुळे स्केचपेनची शाई वाळत नाही, बोट लागलं की पुसटते. दुकानात मिळणारा बटर पेपर त्याच मापाचा कापा, कोपऱ्यांच्या खुणा आधी उतरवा, मग १८०३, १८१९, १८४५, १८४६, १८४८ आणि १८५३ हे सहा टप्पे सहा कागदांवर वेगवेगळे काढा. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात दोनच गोष्टी लिहायच्या: जमीन कुणाकडून आली, आणि तिथल्या गुलामगिरीचं काय ठरलं. सहा कागद एकावर एक ठेवले की कुठल्या जमिनीबद्दल काहीच ठरलं नव्हतं ते दिसतं. १८४६ मध्ये विल्मट या लोकप्रतिनिधीने मांडलेली तरतूद, म्हणजे मेक्सिकोकडून मिळणाऱ्या जमिनीत गुलामगिरी नको, ही का गाजली आणि सिनेटमध्ये का अडली, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

सातवा नकाशा आमच्या मते सगळ्यांत मोलाचा. १८६० च्या जनगणनेनुसार कुठल्या परगण्यात गुलामांचं प्रमाण किती, हे छटांनी दाखवलं आहे. मिसिसिपी नदीकाठ आणि अलाबामा-जॉर्जियातला काळ्या मातीचा पट्टा गडद, ॲपलाशियन डोंगर फिका. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. आता बाहेर पडण्याच्या तारखा शेजारी ठेवा. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला सर्वांत आधी, मिसिसिपी ९ जानेवारीला दुसरं. आणि व्हर्जिनियाचा जो डोंगराळ भाग नकाशात फिका आहे तोच व्हर्जिनियापासून तुटून १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया म्हणून संघराज्यात राहिला. कारणमीमांसेवर पानंच्या पानं भरण्यापेक्षा हा एक नकाशा उत्तरात चार ओळींत वापरता आला तर परीक्षकाला पुरतं.

पहिल्या पुस्तिकेत आकडे नीट आहेत. १७९० मध्ये गुलाम सुमारे ७ लाख, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख. मधे १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी, तरी संख्या वाढतीच. याचं कारण पुस्तिका सांगते: कायद्याने मूल आईच्या मागे जायचं, आई गुलाम तर मूल गुलाम. व्हर्जिनियात हे १६६२ मध्येच ठरलं होतं. दुसरं कारण कापसाचं जिन. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी वेगळी करायचं यंत्र काढलं, आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला आणि दक्षिणेतली कापसाची शेती पश्चिमेकडे सरकू लागली. व्हर्जिनिया-मेरीलँडच्या दमलेल्या तंबाखूच्या जमिनीवरून सुमारे दहा लाख गुलाम खालच्या दक्षिणेत विकले किंवा हलवले गेले. या देशांतर्गत व्यापाराला पुस्तिकेने अडीच पानं दिली आहेत, आणि ती वाचलीच पाहिजेत. जमिनीवरच्या मूळ रहिवाशांचंही प्रकरण आहे. १८३० चा हुसकावणीचा कायदा, १८३८-३९ मध्ये चेरोकींची पायपीट, वाटेत मेलेले सुमारे चार हजार. कापसाची जमीन मोकळी कशी झाली, हे त्याशिवाय कळत नाही.

याच पुस्तिकेत जंजिऱ्याच्या सिद्दींवर एक चौकट आहे. कोकणातल्या वाचकासमोर मुरूडचा किल्ला ठेवायची कल्पना चांगली. पण चौकटीचा सूर ‘गुलामगिरी काय, सगळीकडेच होती’ असा आहे, तो खोडून टाका. आफ्रिकेतून आणून विकलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. सिद्दींनी किनाऱ्यावर स्वतःचं राज्य चालवलं. अमेरिकेत ती वाट बंद होती. गुलामपण कातडीच्या रंगाशी आणि आईच्या पोटाशी बांधलेलं, आणि १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात न्यायमूर्ती टॅनी यांनी तर काळा माणूस, स्वतंत्र असला तरी, देशाचा नागरिक होऊच शकत नाही असं लिहिलं. ही तुलना उत्तरात वापरायची तर फरक दाखवायला वापरा, नाहीतर वापरू नका.

आता दुसरी पुस्तिका. पान उघडल्या उघडल्या युद्धाची चार कारणं दिली आहेत: राज्यांचे हक्क, आयात मालावरची जकात, उत्तरेची कारखानदारी विरुद्ध दक्षिणेची शेती, आणि चौथी गुलामगिरी. ही यादी अनेक जुन्या गाइडांतून चालत आलेली आहे आणि तिचा क्रम उलटा आहे. राज्यांच्या हक्कांचंच घ्या. १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याने केंद्राचे अधिकारी उत्तरेतल्या राज्यांत शिरून माणूस पकडू शकत होते, आणि तिथल्या सामान्य नागरिकालाही मदतीला जुंपू शकत होते. सुनावणी करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाकडे पाठवला तर १० डॉलर, सोडला तर ५ डॉलर. उत्तरेतल्या राज्यांनी याविरुद्ध आपापले कायदे केले, तेव्हा दक्षिणेला राज्यांचा हक्क आठवला नाही. केंद्राची सत्ता हवीच होती, फक्त ती गुलामांच्या मालकांच्या बाजूने हवी होती.

जकातीचंही तेच. १८३२-३३ मध्ये साउथ कॅरोलायनाने जकातीवरून खरंच दंड थोपटले होते, ते पुस्तिकेत नीट आलंय. पण १८५७ ची जकात कमी होती. मॉरिलची वाढीव जकात २ मार्च १८६१ ला मंजूर झाली, म्हणजे सात राज्यं निघून गेल्यावर आणि त्यांचे सभासद खुर्च्या सोडून गेले म्हणूनच. जे नंतर घडलं ते आधीच्याचं कारण कसं होईल?

आणि विनोद असा की संचातलीच उताऱ्यांची सोळा पानं या यादीला खोटं पाडतात. मिसिसिपीने बाहेर पडताना काढलेल्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच, दुसऱ्या परिच्छेदात, आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली असल्याचं सांगितलं आहे. फुटून निघालेल्या दक्षिणेचा उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याचं २१ मार्च १८६१ चं भाषणही तिथेच आहे: आमच्या राज्याची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे तत्त्व. पुस्तिका लिहिणाऱ्याने आपल्याच पाकिटातली पानं वाचली नसावीत. विद्यार्थ्यांनी आधी सोळा पानं वाचावीत, मगच दुसरी पुस्तिका उघडावी. उताऱ्यांची मराठी बरी आहे. कायद्याची भाषा जड झाली आहे, पण अर्थ चुकलेला नाही.

लढायांच्या तक्त्यात एकच चूक सगळीकडे पसरली आहे. ‘मृत’ या मथळ्याखाली जे आकडे दिलेत ते हताहतांचे आहेत, म्हणजे मृत, जखमी, बेपत्ता आणि पकडलेले सगळे मिळून. १७ सप्टेंबर १८६२ च्या अँटिएटमला २३ हजार मृत लिहिलंय. त्या दिवशी जागच्या जागी मेले ते साडेतीन हजारांच्या थोडे वर, बाकी जखमी आणि बेपत्ता. जुलै १८६३ च्या गेटिसबर्गला ५१ हजार मृत. तिथेही मेलेले सात-आठ हजार. मथळा खोडून ‘हताहत’ करा, तक्ता चालेल. एकूण मृतांचा ६ लाख २० हजार हा जुना आकडा दिलाय. जनगणनेच्या नोंदी तपासून २०११ मध्ये साडेसात लाखांचा अंदाज पुढे आला, तोही शेजारी लिहून ठेवा. यातले दोन तृतीयांश बंदुकीने नाही, जुलाब, विषमज्वर अशा रोगांनी गेले, हे मात्र पुस्तिकेत ठळक आहे.

मुक्तीच्या जाहीरनाम्याचं पान ठीक. १ जानेवारी १८६३ चा तो हुकूम फक्त बंडखोर भागाला लागू होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही संघराज्यात राहिलेली गुलामांची राज्यं त्यातून वगळली होती, कारण लिंकनचा अधिकार सरसेनापती म्हणून होता आणि ती राज्यं हातची घालवायची नव्हती. सगळीकडची गुलामगिरी घटनेने संपवली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या दुरुस्तीने. हे पुस्तिका सांगते, आणि प्रश्नसंचातल्या नमुना उत्तरात मात्र ‘लिंकनने १८६३ साली गुलामगिरी रद्द केली’ असं छापलंय. शिवाय काळे शिपाई गाळले आहेत. सुमारे १ लाख ८० हजार काळी माणसं संघराज्याच्या फौजेत लढली, आणि त्याआधीच हजारोंनी मळे सोडून उत्तरेच्या छावण्या गाठल्या होत्या. ते ओझं वाढल्यामुळे सरकारला निर्णय घ्यावा लागला. मुक्ती वरून खाली उतरली एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धवट राहतं.

उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांना घातलेल्या नाकेबंदीचा नववा नकाशा किनाऱ्यावरच्या वाचकाला लगेच कळेल. दक्षिणेचा किनारा साडेतीन हजार मैलांचा. महाराष्ट्राचा जुन्या मोजणीप्रमाणे सुमारे ७२० किलोमीटर, म्हणजे दक्षिणेचा त्याच्या जवळपास आठपट, आणि तोही खाड्या-बेटांनी भरलेला. एप्रिल १८६१ मध्ये नाकेबंदी जाहीर झाली तेव्हा ती कागदावरच होती. बंदरं एकेक करून घेतल्यावर आवळत गेली, विल्मिंग्टन बंदराची वाट जानेवारी १८६५ मध्ये बंद झाली. नकाशात बंदर कधी पडलं ती तारीख शेजारीच छापली आहे, हे फार सोयीचं. मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग ४ जुलै १८६३ ला पडलं आणि दक्षिण दुभंगली, हेही त्यावरच. गेटिसबर्गची लढाई आदल्याच दिवशी संपली होती. दोन्ही एकत्र बघायची सवय लावा.

मुंबईवरचं पान वाचून मात्र चिडायला होतं. विषय किती जवळचा. अमेरिकेचा कापूस अडला, इंग्लंडमधलं कापडगिरण्यांचं लँकेशायर उपाशी राहिलं, पश्चिम भारताच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा धो धो वाहिला, बॅकबेची जमीन भरायला निघालेल्या कंपन्यांचे शेअर आभाळाला भिडले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेने शस्त्रं ठेवली, भाव कोसळले आणि १ जुलैच्या हिशेबाच्या दिवशी मुंबईचं दिवाळं वाजलं. प्रेमचंद रायचंद यांनी भरभराटीत दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा आहे. इतकं सगळं असताना पानावर मुख्य विधान काय, तर ‘यादवीमुळे मुंबईत कापडगिरण्या आल्या’. चूक. कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५४ मध्ये स्थापन होऊन १८५६ मध्ये चालू झाली, युद्धाच्या आधी. युद्धाच्या वर्षांत नफा कच्चा कापूस बाहेर पाठवण्यात होता, गिरणी घालण्यात नव्हे. गिरण्या भराभर वाढल्या त्या १८७० नंतर, आणि रत्नागिरी जिल्ह्यातला चाकरमानी परळ-लालबागला मोठ्या संख्येने पोचला तो त्या लाटेत.

तिसरी पुस्तिका पुनर्रचनेची, म्हणजे युद्धानंतर दक्षिणेला संघराज्यात पुन्हा सामावून घेण्याच्या काळाची. बत्तीस पानांत बारा वर्षं, आणि त्यातही सहा पानं लिंकनच्या खुनावर. चौदाव्या दुरुस्तीला अर्धं पान. १८६८ च्या या दुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेला जवळपास प्रत्येक जण नागरिक ठरला आणि ड्रेड स्कॉटचा निकाल पुसला गेला, एवढा दुवा तरी जोडायला हवा होता. युद्धानंतर दक्षिणेत काळे लोक मत देऊ लागले आणि निवडून आले, गोऱ्यांच्या कु क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेची दहशत माजली, १८७० मध्ये वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी घालणारी पंधरावी दुरुस्ती आली आणि १८७७ मध्ये केंद्राने हात काढून घेतला, ही साखळी सलग कुठेच नाही. आणि सर्वांत खटकलेली गोष्ट: जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. म्हणजे पुनर्रचना चालू असताना पुण्यातून तिच्याकडे कुणीतरी असं पाहत होतं. मराठी संचात त्यावर एक ओळ नाही. जंजिऱ्याला चौकट मिळते, फुल्यांना नाही.

पेनड्राइव्हवर चौदा व्याख्यानं आहेत, आवाज स्वच्छ. फाइली लहान आहेत, त्यामुळे ओटीजी लावून साध्या फोनवर चालतात. रेंज नसलेल्या वाडीत हे बरं पडतं. पण तीच पुस्तिका वाचून दाखवल्यासारखी व्याख्यानं आहेत. सातव्या नकाशावरचं तेवढं ऐका. प्रश्नसंचातले साठ प्रश्न चांगले निवडले आहेत, नमुना उत्तरं आठच आणि लांबलचक. दहा गुणांचं उत्तर दीडशेच्या आसपास शब्दांत बसवायचं असतं. यांचं एक उत्तर लिंकनच्या लाकडी खोपटातल्या जन्मापासून सुरू होतं. प्रश्न वापरा, उत्तरं स्वतः लिहा.

छपाईबद्दल कोकणातल्या माणसाने दोन गोष्टी बघाव्यात. चकचकीत नकाशे पाऊस लागला की एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंगाचा पापुद्रा निघतो. आल्या आल्या दोन नकाशांत एक बटर पेपर घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माळ्यावर टाकू नका, आतला दमटपणा आतच राहून बुरशी धरते. पुठ्ठ्याच्या फायलीत उभे ठेवा आणि ऊन पडेल तेव्हा पंख्याखाली पसरा. कालपट तीन तुकड्यांत येतो. टाचण्यांनी लावलात तर श्रावणापर्यंत गंजाचे डाग उतरतात, चिकटपट्टी ओलसर भिंतीवर टिकत नाही. दोन लाकडी पट्ट्यांत धरून खुंटीला अडकवणं उत्तम.

आकडे-तारखांच्या चुका कळवल्यावर पुढच्या छपाईत दुरुस्त करू, असं अभ्यासिकेने सांगितलं आहे. तोवर नकाशांचं पाकीट आणि सोळा पानं मिळून ५५० रुपयांना सुटी मिळतात. ज्यांच्याकडे विषयावरचं एखादं बरं पुस्तक आधीच आहे त्यांनी तेवढंच घ्यावं. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिली पुस्तिकाही जोडून मागावी, ती २०० रुपयांना देतात. मागवायचं ते आगोटीच्या खरेदीबरोबर, मे महिना संपायच्या आत. जूननंतर येणारं खोकं बाहेरून कोरडं दिसलं तरी खालचा पुठ्ठा मऊ पडलेला असतो. घेताना पोस्टमनसमोरच दाबून बघा आणि भिजलं असेल तर तिथल्या तिथे फोटो काढून ठेवा. फोटोशिवाय बदलून मिळत नाही.